संगणकीय अभिलेखांची पुनःस्थापना : वर्धा जिल्ह्यातील भूमिअभिलेखांच्या संदर्भात

संगणकातील हार्ड डिस्क (दृढ चुंबकीय तबकड्यांचा संच) निकामी झाल्यावर किंवा अपुरी पडल्यावर तिच्या जागी नवी हार्ड डिस्क बसवून, आधी काढून ठेवलेल्या राखीव प्रतीवरून परिचालन प्रणाली, आज्ञावल्या व माहिती पूर्ववत करण्याच्या क्रियेस पुनःस्थापना असे म्हणतात. ही क्रिया वरवर पाहता साध्या नकलेसारखी दिसते. प्रत्यक्षात मात्र राखीव प्रत हाती असूनही पुनःस्थापना न होणे, अर्धवट होणे अथवा पूर्ण झाल्यासारखी दिसून तीत दोष राहणे, हे प्रकार वारंवार आढळतात. ज्या माहितीवर नागरिकांचे मालकीहक्क अवलंबून असतात, तिच्या बाबतीत हा प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा राहत नाही. महाराष्ट्रात या प्रश्नाचा इतिहास वर्धा जिल्ह्याशी विशेष निगडित आहे. कारण भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र शासनाची प्रायोगिक योजना १९८८–८९ मध्ये देशातील ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम हाती घेण्यात आली, त्यांत महाराष्ट्रातून वर्धा जिल्ह्याची निवड झाली होती. [⟶ भूमिअभिलेख].

ऐतिहासिक पार्श्वभूमी : वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. त्याचे पहिले मुख्य ठाणे पुलगावजवळील कवठा येथे होते. १८६६ मध्ये ते पालकवाडी या खेड्याच्या जागी हलविण्यात आले व तेथेच पुढे वर्धा शहर वसले. पुलगाव हे आज देवळी तालुक्यातील नगरपरिषदेचे गाव असून ते वर्धा नदीकाठी, मुंबई–नागपूर–हावडा लोहमार्गावर आहे. नदीच्या पलीकडे अमरावती जिल्हा म्हणजे पूर्वीचा वऱ्हाड प्रांत लागतो. त्यामुळे या एकाच नदीच्या दोन तीरांवर जमीनमहसुलाच्या दोन भिन्न पद्धती नांदत होत्या. वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीची रयतवारी मोजणी झाली, तर वर्धा जिल्ह्यात मध्य प्रांतातील मालगुजारी पद्धत होती. पटवारी खसरा, जमाबंदी इ. कागद ठेवीत असे. गावच्या वहिवाटी वाजिब-उल-अर्ज या पत्रकात नोंदविल्या जात.

मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन अधिनियमान्वये (१९५०) ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपुष्टात आली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत वर्धा जिल्हा मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ हा १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आला आणि १९७१ च्या अधिकार अभिलेख नियमांनी गाव नमुन्यांना एकरूपता आली. अशा रीतीने एकाच शेताची नोंद शंभर वर्षांत निरनिराळ्या नमुन्यांतून, निरनिराळ्या हातांनी उतरत गेली. प्रत्येक स्थित्यंतरात जुन्या पत्रकावरून नवे पत्रक तयार करावे लागे. त्यातच सातबाराच्या पुस्तकांचे साधारणतः दर दहा वर्षांनी पुनर्लेखन करण्याची पद्धत होती. या पुनर्लेखनात एखादे नाव गळणे, क्षेत्राचा आकडा चुकणे, कमी केलेला बोजा पुन्हा उतरणे किंवा कायम राहावयाचा शेरा सुटणे असे दोष शिरत. जुन्या माध्यमावरील नोंद नव्या माध्यमावर नेताना होणारी हानी ही, म्हणजे, संगणकाने निर्माण केलेली अडचण नव्हे; संगणकाने तिचे स्वरूप व वेग बदलला.

अभिलेखाचे स्वरूप : सातबारा हा गाव नमुना सात व गाव नमुना बारा यांचा जोड उतारा होय. पहिल्यात भोगवटादाराचे नाव, क्षेत्र, आकार, भूधारणा पद्धती व इतर हक्क, तर दुसऱ्यात पिकांची नोंद असते. गाव नमुना आठ-अ हे खातेदारांचे पत्रक होय. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. वारसा, खरेदी, वाटणी, गहाण इत्यादींमुळे हक्कात होणारा बदल प्रथम या वहीत क्रमांकाने नोंदला जातो. हितसंबंधितांना नोटीस देऊन, हरकत नसल्यास वा तिचा निकाल लागल्यावर सक्षम अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो आणि मगच तिचा अंमल सातबारावर दिला जातो. अधिनियमाच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद कलम १५५ मध्ये आहे.

या गृहीतकामुळेच पुनःस्थापनेचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. एखाद्या कार्यालयातील राखीव प्रत चार दिवसांपूर्वीची असेल, तर पुनःस्थापनेनंतर त्या चार दिवसांत प्रमाणित झालेले फेरफार अभिलेखातून नाहीसे होतात. परंतु मागे उरलेला सातबारा कायद्याच्या दृष्टीने खरा मानला जातो. विधवेचे वारस म्हणून लागलेले नाव, सोसायटीचे पीककर्ज फेडल्यावर कमी झालेला बोजा किंवा भावाभावांतील वाटणी यांपैकी काहीही या चार दिवसांत येऊ शकते. संबंधित खातेदारास त्याचा पत्ता पुढे कर्ज काढताना किंवा जमीन विकतानाच लागण्याचा संभव असतो, आणि तोवर विरुद्ध पुरावा देण्याची जबाबदारी त्याच्यावर येऊन पडते.

संगणकीकरणाचा क्रम : वर्ध्यासह रंगारेड्डी, सोनितपूर, सिंगभूम, गांधीनगर, मुरैना, मयूरभंज व डुंगरपूर हे प्रायोगिक योजनेतील जिल्हे होते. योजनेचा खर्च केंद्र शासनाने उचलला आणि तांत्रिक साहाय्य राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राचे (स्थापना १९७६) होते. आठव्या पंचवार्षिक योजनेत (१९९२–९७) तिला स्वतंत्र केंद्रपुरस्कृत योजनेचे रूप मिळाले व १९९७–९८ पासून तालुका पातळीवर उतारे देण्याच्या दृष्टीने तालुक्यातच संगणक बसविण्यावर भर देण्यात आला. पुढे २००८ मध्ये ही योजना व महसूल प्रशासन बळकटीकरणाची योजना एकत्र करून राष्ट्रीय भूमिअभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आखण्यात आला. १ एप्रिल २०१६ पासून तो ‘डिजिटल इंडिया भूमिअभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम’ या नावाने चालू झाला. शेजारच्या कर्नाटकात २००० च्या सुमारास ‘भूमी’ योजनेखाली हस्तलिखित उतारे बंद करण्यात आले. महाराष्ट्रातही हस्तलिखित उताऱ्यांची जागा संगणकीय उताऱ्यांनी क्रमाक्रमाने घेतली.

या क्रमात एक गुणात्मक बदल झाला. आरंभी संगणक हे हस्तलिखित पुस्तकाची नक्कल ठेवणारे साधन होते. यंत्र बंद पडले, तरी तलाठ्याचे दप्तर शाबूत असे व त्यावरून माहिती पुन्हा भरता येई. फेरफाराची नोंदच संगणकावर होऊ लागल्यावर मूळ व नक्कल हा भेद उरला नाही. हार्ड डिस्कवरील नोंद हीच मूळ नोंद ठरली. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखास कायदेशीर मान्यताही दिली. यानंतर राखीव प्रत ही सोयीची गोष्ट न राहता अभिलेखाचा आधार बनली.

हार्ड डिस्क : इंटरनॅशनल बिझिनेस मशिन्स (आयबीएम) या अमेरिकन कंपनीने १९५६ मध्ये रॅमॅक या संगणकाबरोबर पहिला चकती-संचायक प्रचारात आणला. त्यात सु. ६१ सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्या होत्या व त्यांवर ५० लक्ष चिन्हे साठविता येत. १९७३ मध्ये याच कंपनीने ‘विंचेस्टर’ या नावाने ओळखला जाणारा प्रकार आणला. तबकड्या व वाचन-लेखन शीर्षे बंदिस्त पेटीत ठेवण्याची त्यातील कल्पना पुढे सर्वत्र रूढ झाली. १९८० मध्ये शुगार्ट टेक्नॉलॉजी (नंतरची सीगेट) कंपनीने ५० लक्ष बाइट क्षमतेची लहान हार्ड डिस्क तयार केली. १९८३ मधील आयबीएम पीसी एक्सटी या वैयक्तिक संगणकात १ कोटी बाइट क्षमतेची हार्ड डिस्क होती. वर्धा प्रकल्प सुरू झाला त्या सुमारास लहान कार्यालयांतील संगणकांत काही कोटी बाइट क्षमतेच्या हार्ड डिस्क वापरात होत्या.

हार्ड डिस्कमधील तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेते व शीर्ष तिच्या पृष्ठभागापासून अत्यल्प अंतरावर हवेच्या थरावर तरंगते. आधुनिक हार्ड डिस्कमध्ये हे अंतर काही नॅनोमीटर इतके असते. धक्का बसल्यास, वीजपुरवठा अकस्मात खंडित झाल्यास किंवा धारवे झिजल्यास शीर्ष पृष्ठभागाला घासून चुंबकीय थर खरवडला जाण्याचा धोका असतो. वर्धा–पुलगाव परिसरात उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्या वर जाते. त्यामुळे यंत्र निकामी होण्याचे खापर बहुधा उष्णतेवर फोडले जाते. तथापि गुगल कंपनीतील संशोधकांनी एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कचे निरीक्षण करून २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तापमान व बिघाड यांचा संबंध समजुतीइतका निकटचा आढळला नाही. हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी देत असलेल्या चार मुख्य सूचनांपैकी एकही सूचना निम्म्याहून अधिक निकामी हार्ड डिस्कच्या बाबतीत मिळाली नव्हती, असेही त्यात दिसून आले. तात्पर्य, बिघाडाचे भाकीत करता येईल या भरवशावर कार्यालय चालविता येत नाही. बिघाड केव्हाही होईल असे धरूनच व्यवस्था ठेवावी लागते.

राखीव प्रतींच्या पद्धती : संपूर्ण प्रत, मागील संपूर्ण प्रतीनंतर झालेल्या सर्व बदलांची प्रत व मागील कोणत्याही प्रतीनंतर झालेल्या बदलांची वाढीव प्रत असे तीन मुख्य प्रकार आहेत. वाढीव प्रतीस वेळ व जागा कमी लागते. परंतु पुनःस्थापनेच्या वेळी आधी संपूर्ण प्रत व नंतर सर्व वाढीव प्रती क्रमाने लावाव्या लागतात. मधली एक प्रत खराब निघाली, तर तिच्यापुढील प्रती निरुपयोगी ठरतात. प्रती ठेवण्यासाठी प्रथम चुंबकीय फिती व लवचिक तबकड्या, नंतर प्रकाशीय तबकड्या व पुढे दुसरी हार्ड डिस्क किंवा दूरस्थ संगणक वापरात आले. दैनिक, साप्ताहिक व मासिक प्रतींच्या तीन पिढ्या राखण्याच्या पद्धतीस आजोबा–वडील–मुलगा पद्धत असे म्हणतात.

अनेक हार्ड डिस्क एकत्र जोडून एक निकामी झाली तरी काम चालू ठेवण्याच्या ‘रेड’ या रचनेची मांडणी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (बर्कली) पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ मध्ये, म्हणजे वर्धा प्रकल्पाच्याच वर्षी केली. तिच्या आरसा प्रकारात एकच माहिती दोन हार्ड डिस्कवर एकाच वेळी लिहिली जाते. ही रचना राखीव प्रतीची जागा घेऊ शकत नाही. चुकून पुसलेली नोंद दोन्हीकडे एकाच क्षणी पुसली जाते आणि आग वा पूर आल्यास दोन्ही एकत्रच नष्ट होतात.

पुनःस्थापना अयशस्वी होण्याची कारणे : (१) क्षमतेतील तफावत. नव्या हार्ड डिस्कची छापील क्षमता जुनीइतकीच असली, तरी तिच्यावरील वृत्तखंडांची (सेक्टरांची) संख्या थोडी कमी असू शकते. संपूर्ण हार्ड डिस्कचे प्रतिबिंब घेणाऱ्या अनेक आज्ञावल्या अशा वेळी काम नाकारतात. विंडोज ७ (२००९) मधील प्रणाली-प्रतिबिंबाच्या सोयीस नवी हार्ड डिस्क निदान जुनीइतकी मोठी लागे. प्रत्यक्ष माहिती तिच्या दहाव्या हिश्श्याइतकी असली, तरी ही अट सुटत नसे.

(२) जुन्या यंत्राची मोजणीची मर्यादा. याच्या उलट, नवी हार्ड डिस्क फार मोठी असल्यासही अडचण येते. जुन्या बायोस आज्ञावलीत व तत्कालीन जोडणीत १,०२४ दंडगोल, १६ शीर्षे व प्रत्येक मार्गिकेवर ६३ वृत्तखंड एवढीच मोजणी होई. प्रत्येक वृत्तखंडात ५१२ बाइट धरता ही मर्यादा ५२,८४,८२,३०४ बाइट येते. पुढील २८ द्विमान अंकांच्या मोजणीत ती सु. १३,७४४ कोटी बाइट झाली. प्रचलित विभाग-तक्त्यात ३२ द्विमान अंक असल्याने ती सु. २.२ लक्ष कोटी बाइट आहे; त्यापुढील क्षमतेसाठी जीपीटी हा नवा तक्ता आवश्यक ठरला. मर्यादा ओलांडणारी हार्ड डिस्क जुन्या यंत्रास दिसतच नाही, अपुरी दिसते किंवा काही वेळा मर्यादेपलीकडे लिहिताना प्रारंभीच्या भागावरच लिहिले जाऊन सर्व माहिती बिघडते.

(३) वृत्तखंडाचा आकार. २०१० च्या सुमारास उत्पादकांनी ५१२ बाइटऐवजी ४,०९६ बाइटांचा वृत्तखंड स्वीकारण्यास आरंभ केला. जुन्या आकाराच्या हार्ड डिस्कवरून घेतलेले प्रतिबिंब, नवा आकार थेट दर्शविणाऱ्या हार्ड डिस्कवर जसेच्या तसे उतरत नाही.

(४) आरंभ-व्यवस्था. संगणक सुरू होताना प्रथम वाचावयाचा भाग, विभाग-तक्ता व परिचालन प्रणाली ही परस्परांशी जुळावी लागतात. केवळ धारिकांची नक्कल केली असता हा भाग नव्या हार्ड डिस्कवर येत नाही. माहिती सर्व असूनही यंत्र सुरू होत नाही. प्रत जुन्या बायोस पद्धतीची व नवे यंत्र यूईएफआय पद्धतीचे असल्यासही हाच परिणाम होतो.

(५) नियंत्रकाची चालक आज्ञावली. हार्ड डिस्क ज्या नियंत्रकाद्वारे जोडली जाते, त्याची चालक आज्ञावली पुनःस्थापित प्रणालीत नसल्यास प्रणालीला स्वतःचीच हार्ड डिस्क सापडत नाही. जुन्या आयडीई पद्धतीवर स्थापलेली प्रणाली एएचसीआय पद्धतीवर सुरू न होणे हे याचे नेहमीचे उदाहरण होय.

(६) प्रतीचे माध्यम. फितीवर लिहिणाऱ्या यंत्राचे शीर्ष किंचित तिरपे असल्यास ती फीत त्याच यंत्रावर वाचता येते, दुसऱ्यावर नाही. यंत्र बदलेपर्यंत हा दोष उघडकीस येत नाही. माध्यमाप्रमाणे आज्ञावलीही कालबाह्य होते. विंडोज एक्सपीमधील एनटीबॅकअप ही आज्ञावली पुढील व्हिस्टा आवृत्तीत वगळण्यात आल्याने, तिने केलेल्या प्रती वाचण्यासाठी वेगळी आज्ञावली आणावी लागली.

(७) चालू माहितीसंचाची प्रत. नोंदी चालू असताना माहितीसंचाच्या धारिका नुसत्या उतरवून घेतल्या, तर प्रतीचा एक भाग सकाळचा व दुसरा दुपारचा असा प्रकार होतो. फेरफार नोंदवहीत नोंद प्रमाणित दिसते, परंतु तिचा सातबारावरील अंमल दिसत नाही. यासाठी व्यवहारांची रोजनिशी प्रतीसोबत ठेवून पुनःस्थापनेनंतर ती लावून घ्यावी लागते.

(८) चुकीची हार्ड डिस्क बदलणे. आरसा रचनेतील दोहोंपैकी निकामी कोणती याची खात्री न करता चांगली काढली गेली, किंवा नवी कोरी हार्ड डिस्क मूळ समजली जाऊन तिची नक्कल जुनीवर झाली, तर काही मिनिटांत सर्व अभिलेख पुसला जातो. हा प्रकार विरळा असला, तरी त्यावर उपाय नसतो.

लिपीचा प्रश्न : मराठी अभिलेखांच्या बाबतीत आणखी एक कारण ध्यानात घ्यावे लागते. भारतीय लिप्यांसाठी कानपूरच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत विकसित झालेले व पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक, स्थापना १९८८) प्रचारात आणलेले जिस्ट तंत्र आरंभी संगणकात बसवावयाच्या स्वतंत्र कार्डाच्या रूपात होते. चिन्हांचे सांकेतिकीकरण इस्की या प्रमाणानुसार (भारतीय मानक १३१९४ : १९९१) होई. त्याखेरीज अनेक खाजगी टंकसंचांची आपापली वेगळी सांकेतिक रचना होती. अशा माहितीची पुनःस्थापना अचूक झाली, तरी नव्या यंत्रात ते कार्ड, आज्ञावली किंवा टंकसंच नसेल, तर पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. माहिती नष्ट झाली असे समजून ती पुसून टाकण्याची चूक येथे संभवते. युनिकोड या जागतिक सांकेतिकीकरणाचा (पहिली आवृत्ती १९९१) प्रसार झाल्यावर ही अडचण कमी झाली. परंतु जुन्या संकेतातून नव्यात रूपांतर करताना जोडाक्षरे, रफार व नुक्ता यांत दोष राहू शकतात आणि व्यक्तिनामांच्या बाबतीत असा दोष हक्काशी संबंधित ठरतो.

दोषशोधनाचा क्रम : जुन्या हार्ड डिस्कवर काहीही न लिहिणे व तिच्यावर ओळखचिठ्ठी लावून ती वेगळी ठेवणे, ही पहिली पायरी होय. दुसऱ्या पायरीत राखीव प्रतीचीच दुसरी प्रत करून प्रयोग तिच्यावर करावयाचे असतात. त्यानंतर नवी हार्ड डिस्क यंत्रास पूर्ण क्षमतेने दिसते किंवा नाही, वृत्तखंडांची संख्या व आकार जुळतो किंवा नाही, विभाग-तक्ता कोणत्या प्रकारचा आहे आणि आरंभ-व्यवस्था व नियंत्रकाची पद्धत पूर्वीचीच आहे काय, हे क्रमाने तपासतात. राखीव प्रत सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचता येते, हेही स्वतंत्रपणे पडताळतात. एका वेळी एकच बदल करून परिणाम पाहावयाचा असतो. अनेक बदल एकदम केल्यास कारण कळत नाही. प्रणाली सुरूच होत नसेल, तर नव्या हार्ड डिस्कवर परिचालन प्रणाली नव्याने स्थापून केवळ माहितीसंच प्रतीवरून आणणे अधिक सुरक्षित असते; कारण प्रणाली पुन्हा मिळविता येते, नोंदी मिळविता येत नाहीत.

यंत्र सुरू झाले म्हणजे पुनःस्थापना पूर्ण झाली असे नव्हे. भूमिअभिलेखांच्या बाबतीत पडताळणीची साधने जुन्या महसुली पद्धतीतच उपलब्ध आहेत. प्रत्येक गावाच्या फेरफारांना सलग क्रमांक असतो; म्हणून पुनःस्थापित संचातील शेवटचा क्रमांक कार्यालयातील नोटिसांशी व तलाठ्याकडील कागदांशी ताडून पाहिला असता किती नोंदी गळाल्या ते तत्काळ समजते. सर्व सातबारांवरील क्षेत्राची बेरीज आकारबंदातील गावाच्या एकूण क्षेत्राशी जुळली पाहिजे. आकाराची बेरीजही तशीच. गाव नमुना आठ-अ मधील खात्यांचे क्षेत्र व सातबारावरील क्षेत्र यांचाही मेळ बसावा लागतो. एकोणिसाव्या शतकातील जमाबंदी अधिकाऱ्यांनी पटवाऱ्याच्या कागदांवर अंकुश ठेवण्यासाठी बेरजांचा जो ताळा योजला, तोच ताळा अशा प्रकारे संगणकीय प्रतीची परीक्षा घेण्यास उपयोगी पडतो. बेरीज जुळूनही नावांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता मात्र त्यातून वगळता येत नाही.

केंद्रीकरण व जनतेची पडताळणी : तालुक्यातील एकेका यंत्रावर विसंबून राहण्याचा धोका लक्षात घेऊन पुढे तालुक्यांचे माहितीसंच राज्य पातळीवरील माहिती केंद्रात आणण्यात आले व ई-फेरफार प्रणालीतून नोंदी थेट तेथे होऊ लागल्या. त्यामुळे देवळी येथील तहसील कार्यालयातील हार्ड डिस्क बिघडली, तरी पुलगावच्या खातेदाराची नोंद त्या यंत्राबरोबर जात नाही. केंद्रीकरणाने स्थानिक बिघाडाचा धोका कमी केला. मात्र संपर्क तुटल्यास किंवा केंद्रावर अतिरिक्त भार पडल्यास एका तालुक्याऐवजी अनेक जिल्ह्यांचे काम एकदम खोळंबते, ही तिची दुसरी बाजू आहे. मुंबईत मंत्रालयाच्या इमारतीस २१ जून २०१२ रोजी लागलेल्या आगीत वरच्या मजल्यांवरील संचिका व संगणक मोठ्या प्रमाणावर जळाले. प्रती मूळ अभिलेखापासून दूर, वेगळ्या ठिकाणी ठेवण्याची आवश्यकता या घटनेने ठळकपणे पुढे आणली.

तालुक्यांच्या संचांतील वर्षानुवर्षे साचलेले दोष दूर करण्यासाठी राज्यात २०१७ मध्ये चावडी वाचनाचा कार्यक्रम घेण्यात आला. संगणकीय सातबारे गावात वाचून दाखवून खातेदारांच्या हरकती घेण्यात आल्या व हस्तलिखिताशी ताडून दुरुस्त्या करण्यात आल्या. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारा उतारे देण्यास आरंभ झाला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे पिकांची नोंद शेतकऱ्यास स्वतः करता येऊ लागली. जुने फेरफार, हस्तलिखित सातबारे इत्यादींची प्रतिमा घेऊन ती जतन करण्याचे कामही स्वतंत्रपणे हाती घेण्यात आले. या प्रतिमांमुळे पुनःस्थापित संचातील संशयित नोंद मूळ हस्ताक्षराशी ताडून पाहणे शक्य झाले.

मूल्यमापन : वर्ध्यातील प्रयोगापासूनच्या काळात हार्ड डिस्कची क्षमता लक्षपटींनी वाढली, फिती व लवचिक तबकड्या कार्यालयांतून गेल्या आणि फिरत्या तबकडीची जागा पुष्कळ ठिकाणी घनावस्था स्मृतीने घेतली. घनावस्था स्मृतीत धक्क्याचे भय कमी असले, तरी ती निकामी होताना बहुधा पूर्वसूचना देत नाही व तिच्यावरील पुसलेली माहिती परत मिळविणे अधिक कठीण असते. साधने बदलली, तरी मूळ तत्त्वे तीच आहेत : प्रत एकाहून अधिक असावी, त्यांपैकी एक दूर ठेवावी, आणि प्रत घेतली एवढ्यावर समाधान न मानता ठराविक काळाने ती कोऱ्या हार्ड डिस्कवर लावून, सुरू करून व बेरजा जुळवून पाहावी. न तपासलेली प्रत व नसलेली प्रत यांतील फरक बिघाडाच्या दिवशीच कळतो. अभिलेखाची अंतिम पडताळणी मात्र कोणत्याही यंत्रावर सोपविता येत नाही. आपल्या खात्याचा उतारा वेळोवेळी काढून पाहणारा, फेरफाराची नोटीस व प्रमाणित नोंदीची प्रत जपून ठेवणारा खातेदार हा या व्यवस्थेतील एक आवश्यक घटक होय. कारण कार्यालयातील सर्व प्रती एकाच चुकीच्या असतील, तर ती चूक त्याच्या हातातील कागदावरूनच दाखविता येते.